परदेशी क्लबच्या ट्रायलसाठी पैसे मागणारा एजंट : आमच्या घरातला अनुभव

कोल्हापुरात फुटबॉल पेठेपेठेत खेळला जातो, शाहू स्टेडियमवर तालमींच्या, म्हणजे पेठांमधल्या स्थानिक संघांच्या, सामन्यांना गर्दी लोटते, आणि अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळल्यापासून तर इथल्या मुलांना बाहेरची मैदाने अधिकच जवळची वाटू लागली आहेत. या ओढीवर डोळा ठेवून फिरणारे लोकही आहेत. माझ्या थोरल्या बहिणीच्या 19 वर्षांच्या मुलाला अशाच एका माणसाने पूर्व युरोपातील क्लबचे आमिष दाखवून सुमारे सव्वातीन लाख रुपयांना फसवले. हाच प्रकार आणखी कुणाच्या घरात घडू नये, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

हा माणूस एका स्पर्धेच्या वेळी मैदानावर भेटला. त्याची सारी मांडणी एका खऱ्या गोष्टीवर उभी होती. जगात नामांकित क्लब मोजके असले तरी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे क्लब असंख्य आहेत आणि त्यांच्याकडून हंगामागून हंगाम, देश बदलत खेळून पोट भरणारे खेळाडूही पुष्कळ आहेत, हे त्याने आम्हाला पटवून दिले. उरुग्वेच्या सेबास्तियन अब्रेऊने 2017 च्या अखेरीस चिलीतील औडाक्स इतालियानोशी करार केला तेव्हा तो त्याचा 26 वा क्लब होता व त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. जर्मन गोलरक्षक लुट्झ फानेनश्टील तर सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, ब्राझील, कॅनडा असे करत फिफाच्या सहाही खंडीय महासंघांच्या क्षेत्रांत व्यावसायिक फुटबॉल खेळला. आपला गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडे गेलाच होता. ही सगळी उदाहरणे खरी असल्यामुळे पुढचे खोटे खपून गेले. फानेनश्टीलला 2001 मध्ये सिंगापूरमध्ये सामनेनिश्चितीच्या (मॅच-फिक्सिंगच्या) आरोपावरून 101 दिवस तुरुंगात काढावे लागले, आरोप त्याने कायम नाकारला, आणि अशा भटक्या कारकिर्दीत परक्या देशात खेळाडू किती एकटा पडतो हे त्यातून दिसते. पण ती बाजू या माणसाच्या बोलण्यात कधी आली नाही.

पैसे एकदम मागितले गेले नाहीत. आधी खेळाचा व्हिडिओ तयार करून क्लबांना पाठवण्याचे 15 हजार, मग ‘नोंदणी’चे 60 हजार, निमंत्रणपत्र आल्यावर व्हिसा, विमा व तिकिटाचे दीड लाख, आणि शेवटी क्लबकडे ठेवायची, नंतर परत मिळणारी म्हणून सांगितलेली अनामत 1 लाख. प्रत्येक वेळी मुदत दुसऱ्या दिवसापर्यंतचीच असे. बहिणीने अनामतीबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, “ताई, पोराचं आयुष्य घडतंय, आता मागं सरू नका.” तिने सोन्याच्या पाटल्या गहाण ठेवून ती रक्कम भरली.

ते निमंत्रणपत्र मी नंतर नीट पाहिले. वर क्लबचे बोधचिन्ह होते, पण संकेतस्थळावरून उचलून ताणल्यासारखे, कडा फुटलेले. खाली व्यवस्थापकाची सही होती, मात्र ईमेलचा पत्ता कुणालाही फुकट काढता येतो तसा, क्लबच्या नावाशी संबंध नसलेला. क्लबची म्हणून सांगितलेली अनामत जमा करायचे खाते भारतातल्या एका व्यक्तीच्या नावावर होते. क्लबच्या संकेतस्थळावरील पत्त्यावर आम्ही विचारणा केली, तेव्हा असे पत्र दिलेलेच नसल्याचे दोन ओळींचे उत्तर आले. विमानाचे तिकीटही पैसे न भरलेले, नुसते आरक्षण निघाले, जे आपोआप रद्द झाले होते. त्यानंतर त्या माणसाचा फोन कायमचा बंद झाला.

खरा व्यवहार कसा होतो हे प्रत्येक पालकाने जाणून घ्यावे. 1 ऑक्टोबर 2023 पासून करार जुळवून देणाऱ्या एजंटाकडे फिफाचा परवाना असणे बंधनकारक आहे, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही नाव टाकून पाहता येते. एजंटाचा मोबदला करार झाल्यावर खेळाडूच्या कमाईच्या टक्केवारीत ठरतो. ट्रायल मिळवून देण्यासाठी आगाऊ रक्कम मागणारा माणूस दिसला की तिथेच बोलणे थांबवावे. खेळाडू देश बदलतो तेव्हा नव्या देशाचा महासंघ जुन्या महासंघाकडून, म्हणजे आपल्या बाबतीत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडून, आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र मागवतो, आणि ते काम महासंघांच्या संगणकीय यंत्रणेतून होते. खेळाडूच्या आईने कुणाच्या खात्यात पैसे भरून ते होत नाही. मुलगा 18 वर्षांखालील असेल तर काही मोजके अपवाद सोडून परदेशी क्लबकडे त्याची नोंदणीच करता येत नाही, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ‘युरोपचा करार’ देऊ करणाऱ्यांपासून विशेष सावध राहावे.

आमची तक्रार पोलिसांत दाखल आहे. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. भाचा पुन्हा सरावाला जाऊ लागला आहे, याचे मला मोठे समाधान वाटते, कारण मधले काही दिवस तो पेठेत तोंड दाखवायलाही तयार नव्हता, आणि लाज वाटायची ती त्याला नव्हे, त्या माणसाला वाटली पाहिजे. ज्यांनी नुकतेच असे पैसे ऑनलाइन भरले असतील त्यांनी लोक काय म्हणतील याचा विचार न करता ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी बँकेला ती गोठवता येण्याची शक्यता असते. तसेच पत्र, पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण, कितीही संताप आला तरी, पुसून टाकू नये.