नव्या घरातला चित्रांचा कोपरा: सात महिन्यांनंतर

नव्या घरी राहायला येऊन सात महिने झाले. जलरंगाच्या कामासाठी इथे एक कोपरा मांडला, मधल्या काळात तो दोनदा मोडून पुन्हा लावला. आता हात बसलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त फरक पडला तो एकाच गोष्टीने: काम आहे तसं टाकून उठता येतं. जुन्या घरी जेवणाच्या टेबलावर रंगवायचे. जेवायची वेळ झाली की सगळं उचला, ओला कागद कपाटावर चढवा. मग पुन्हा पसारा मांडायचं जिवावर यायचं आणि चित्र आठवडाभर पडून राहायचं. आता अर्धवट चित्र येता-जाता नजरेला पडतं. परवा बाहेर निघताना चपला घालत होते, तेव्हा लांबून लक्षात आलं की झाडाखालची सावली फारच निळी पडलीये. तशीच मागे फिरले, बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, एक पातळ हात दिला आणि गेले. पाच मिनिटांचं काम, पण जुन्या घरात ते झालंच नसतं.

जागा निवडताना मात्र चुकले. भरपूर ऊन येतं म्हणून पश्चिमेची खिडकी धरली. दुपारी ऊन थेट कागदावर यायचं. पांढऱ्या कागदाने डोळे दिपायचे, आणि वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, खालपर्यंत ओढून होईतो वरची कड वाळून डाग धरायची. दोन महिन्यांनी टेबल उत्तरेच्या खिडकीशी नेलं. उत्तर गोलार्धात त्या बाजूने थेट ऊन फारसं येत नाही, उजेड दिवसभर शांत असतो. ही खोली लहान आहे, तरी मी परत जाणार नाही.

रात्रीच्या कामाला आधी साधा २७०० केल्विनचा पिवळट दिवा होता. त्याखाली लिंबासारखा फिका पिवळा रंग कागदावर दिसतच नाही, म्हणून हात सुटत जातो आणि सकाळी चित्र भडक निघतं. आता ५००० केल्विनचा पांढऱ्या उजेडाचा, ९५ सीआरआयचा दिवा लावलाय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते हा सीआरआय सांगतो; जास्तीत जास्त १००. वॅट नंतर बघा, आधी हा आकडा बघा आणि ९० च्या खाली घेऊ नका. मी उजव्या हाताने काढते, त्यामुळे दिवा डावीकडे, म्हणजे हाताची सावली कुंचल्याच्या टोकावर पडत नाही.

टेबल म्हणजे दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकलेला जुना फ्लश डोअर. उंची ७४ सेंटिमीटर, बोर्डाखाली ठोकळा देऊन साधारण १५ अंशांचा उतार. अजून तसूभर हललेला नाही. फक्त एका कडेला पाणी मुरून प्लाय फुगला. वर रेक्झिन पहिल्याच दिवशी घालायला हवं होतं.

खरं दुःख कागदाचं. ३०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे, जाड) सुती कागद बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवले होते, आणि त्या भिंतीला ओल होती. कागद दिसायला कोरा करकरीत. पण पहिला वॉश टाकला आणि आकाशभर गडद ठिपके उमटले. ओलीने साइझिंग, म्हणजे पाणी लगेच मुरू नये म्हणून कागदाला दिलेली खळ, गेलं की रंग वर तरंगत नाही, टीपकागदासारखा आत ओढला जातो. असे अकरा कागद गेले. आता कागद आतल्या भिंतीशी, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आडवे ठेवते. नव्या घरात सामान लावण्याआधी भिंतींना हात लावून बघा, एवढं कळकळीने सांगते.

पाण्याची सोय अजून नीट नाही, बेसिन लांब पडतं. दोन मोठ्या बरण्या भरून ठेवते, एक कुंचले धुवायला, एक स्वच्छ पाण्याची. ओले कागद सपाट वाळवायला फळीही हवीये. वाया गेलेले अकरा कागद पेन्सिलीला अजून चालतात. त्यांच्यावर सध्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडाची रेखाटनं चालू आहेत.