टेस्टर खरा, बाटली खोटी: प्रदर्शनातून परफ्यूम घेणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या तोंडावर मंगल कार्यालयांमधून ‘प्रदर्शन आणि विक्री’ भरतात. अशाच एका ठिकाणी परफ्यूमच्या स्टॉलवर माझी फसवणूक झाली. ती सविस्तर लिहितेय, कारण हे स्टॉल आठ-दहा दिवसांत गाव बदलतात आणि तोच माल पुढच्या गावात विकायला मांडतात.

भाच्याला पहिली नोकरी लागली होती. ऑफिसला रोज लावता येईल, उग्र नसेल आणि खिशालाही परवडेल असा सेंट त्याला द्यायचा होता. विक्रेत्याने नेमका तसाच काढून दिला: वर, म्हणजे लावताच येणारा, लिंबू-संत्र्याचा ताजेपणा; खाली, म्हणजे नंतर मागे उरणारा, देवदार आणि वाळा. 100 मिलीची बाटली, छापील किंमत 1,999 रुपये, प्रदर्शनात 600. वास बघायला ठेवलेली उघडी बाटली, म्हणजे टेस्टर, मनगटावर मारून घेतली आणि बाकीचं प्रदर्शन बघून आले. तोवर लिंबू उडून गेलं होतं, पण लाकडाचा कोरडा, ऊबदार वास तसाच होता. मग सेलोफेनमधला बंद बॉक्स घेतला.

घरी भाच्याने तो उघडून लावला. सुरुवातीला संत्र्याची साल सोलावी तसा झकास वास आला. थोड्या वेळाने मात्र नुसता स्पिरिटचा दर्प उरला. ना देवदार, ना वाळा. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. पोराने आनंदाने लावलेल्या वस्तूने त्यालाच त्रास व्हावा, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आला.

लिंबूवर्गीय वासाची नक्कल करणं फार सोपं असतं. संत्र्याचं तेल रसाच्या कारखान्यात उरलेल्या सालींतून निघतं, त्यामुळे ते स्वस्त मिळतं. त्यातला मुख्य घटक लिमोनीन. तो भराभर उडतो, म्हणून अस्सल महागड्या परफ्यूममध्येही हा भाग फार टिकत नाही. खरी किंमत असते ती खालच्या लाकडी थराची, कारण तास न् तास टिकतो तो तोच. भेसळ करणारा अल्कोहोलमध्ये वरचा वास घालतो आणि खालचा थर घालतच नाही. कमी किंमत म्हणजे फसवणूक असं मात्र मी म्हणणार नाही. प्रयोगशाळेत बनवलेले लाकडी सुगंधी घटक वापरून परवडणाऱ्या दरात प्रामाणिक परफ्यूम बनतात आणि मिळतातही.

फोन केल्यावर विक्रेता म्हणाला, “मॅडम, प्रत्येकाच्या स्किनवर वेगळं टिकतं.” हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक गप्प बसतात. त्यावर उपाय सोपा आहे. वास कागदावर किंवा सुती रुमालावर फवारा. तिथे त्वचेचा प्रश्नच येत नाही. लाकडी थर खरोखर असेल तर तो दुसऱ्या दिवशीही रुमालाला लागतो. आमच्या बाटलीचा रुमाल तासाभरात कोरा झाला. हे त्याला सांगितलं, त्यानंतर त्याचा फोन बंद लागायला लागला.

मग बॉक्स निरखून पाहिला. उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. बॉक्सच्या तळाचा बॅच नंबर एक, बाटलीवरचा दुसराच. 1,999 हा आकडा तर स्टिकरवर होता आणि त्याखाली आधीची छापील किंमत दडवलेली होती. नियमाने किंमत कमी करणारं स्टिकर लावता येतं, तेही मूळ किंमत न झाकता. किंमत वाढवून दाखवणारं स्टिकर चालतच नाही. परदेशी माल म्हणून विकत असतील तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांकही बॉक्सवर असायला हवा.

बिल मागितलं होतं तेव्हा “बिलबुक संपलंय” असं उत्तर मिळालं होतं. क्यूआर कोडवर दुकानाचं नव्हे, एका माणसाचं नाव होतं. आयोजकांनी “आम्ही फक्त जागा भाड्याने देतो” म्हणून हात वर केले. तरीही यूपीआयच्या नोंदीत तारीख, रक्कम आणि नाव आहे. ती नोंद, बॉक्सचे फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर तक्रार नोंदवली. सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख अन्न व औषध प्रशासनाची असते, म्हणून तिथे वेगळा अर्ज दिला. किंमत झाकल्याबद्दल वैधमापन कार्यालयालाही, म्हणजे वजन-मापं आणि पाकिटावरची छापील माहिती तपासणाऱ्या सरकारी खात्याला, कळवलं. पैसे अजून मिळालेले नाहीत.

तुम्ही अशा स्टॉलवर गेलात तर टेस्टरवर विसंबू नका. जी बाटली घरी नेणार तीच तिथे उघडायला लावा आणि तुमच्या रुमालावर फवारा. सील फोडायला नकार दिला तर पैसे देऊ नका. आणि असा माल आधीच घरात आला असेल तर रागाने बाटली फेकू नका, वापरूही नका. बॉक्ससकट जपून ठेवा. तपासणीसाठी मागितली तर तीच द्यावी लागेल.