उघडा, बंद की कानात घालायचा? पाऊल कुठनं वाजलं हे ऐकण्यासाठी काय घ्यावं

मे महिन्यात खानापूरच्या मावसभावाचा फोन आला. पाच-सहा हजार साठवलेत, व्हॅलोरंट या बंदुकीच्या गेममध्ये मागनं आलेला माणूस कळतच नाही, तर ओपन-बॅक (उघड्या पाठीचा हेडफोन) घेऊ, गेमिंगचा हेडसेट घेऊ की कानात घालायचे आयईएम? मी उलट विचारलं, "तुझ्या खोलीवर कौलं आहेत की पत्रा?" त्याला वाटलं दादा थट्टा करतोय. पण हेडफोन निवडताना मी स्वतः विचारायला विसरलेला प्रश्न हाच होता, आणि त्याची किंमत मोजूनच मला तो सुचलाय.

आधी दिशा कानाला कळते कशी ते बघू, कारण दुकानातली निम्मी जाहिरात याच अज्ञानावर चालते. डावं-उजवं ओळखणं सोपं. आवाज उजवीकडनं आला तर उजव्या कानाला तो आधी पोचतो. हा फरक फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा असतो, तेवढा मेंदूला पुरतो. वरच्या पट्टीतल्या आवाजांना डोकं मध्ये आडवं येतं, म्हणून दुसऱ्या कानाला ते बारीक ऐकू येतात. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलेली ही समज आजही टिकून आहे. अडचण पुढं-मागं आणि वर-खाली ओळखण्यात आहे. समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, सारख्याच जोरानं पोचतो. तिथं कामाला येतात त्या कानाच्या पाळीच्या घड्या. साधारण ४-५ हजार हर्ट्झच्या वरच्या आवाजाला त्या दिशेप्रमाणे वेगवेगळा रंग देतात आणि मेंदू लहानपणापासून तो रंग वाचायला शिकलेला असतो.

हेडफोनमधला आवाज असा चहूबाजूंनी फिरून येत नाही, थेट कानावर पडतो. त्यामुळं तो रंग गेमलाच आधी भरावा लागतो. या गणिताला एचआरटीएफ म्हणतात. काउंटर-स्ट्राइक या दुसऱ्या बंदुकीच्या गेमच्या सीएस:गो आवृत्तीत ते २०१६ साली आलं, व्हॅलोरंटमध्ये २०२१ साली. म्हणजे दिशा तयार होते ती गेममध्ये. हेडफोननं ती फक्त न सांडता कानापर्यंत आणायची. दोन्ही बाजू सारख्या वाजल्या पाहिजेत, वरची पट्टी गढूळ नको, आणि खालचा धमधमाट पावलांवर चढता कामा नये.

म्हणून डब्यावर '७.१ सराउंड' लिहिलंय यासाठी दोन हजार जास्त मोजणाऱ्याला मी हात धरून थांबवतो. कान दोन, ड्रायव्हर (आतले आवाज काढणारे छोटे स्पीकर) दोन. हे ७.१ म्हणजे सात-आठ काल्पनिक स्पीकरांचा आवाज सॉफ्टवेअरनं दोन बाजूंत मिसळलेला. ज्या गेममध्ये स्वतःचं एचआरटीएफ आहे तिथं त्याच्यावर हे दुसरं चढवलं की आधीच गोड कुंद्यावर साखर पेरल्यासारखं होतं. दोन्ही गणितं एकमेकांत मिसळतात आणि मागचं पाऊल कुठंतरी डोक्याच्या मध्यात वाजतं. व्हॅलोरंटमध्ये स्पीकरची निवड स्टिरिओ ठेवा, एचआरटीएफ चालू करा. विंडोज सोनिक, डॉल्बी अॅटमॉस ही तसलीच सॉफ्टवेअरं, हेडसेटच्या वायरवरचं ७.१ चं बटण, सगळं बंद. सिनेमा बघताना हवं तर लावा.

आता तीन पर्याय.

ओपन-बॅकच्या कपाला बाहेरनं जाळी असते. आवाज आत कोंडत नाही, त्यामुळं तो डोक्यात न वाजता आजूबाजूला पसरल्यासारखा वाटतो, आणि धमधमाट मुळातच कमी असतो. सेनहायझर एचडी ५६०एस, फिलिप्स एसएचपी९५०० ही या जातीतली नेहमी ऐकू येणारी नावं. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोसुद्धा याच घरातला. त्याची वरची पट्टी तिखट आहे, पावलं सुईसारखी टोचतात, पण दोन तासांनी कानही टोचायला लागतात. निव्वळ दिशा म्हणाल तर शांत खोलीत ओपन-बॅकसारखं दुसरं काही नाही, हे मी आजही म्हणेन.

खरा शब्द आहे 'शांत खोलीत'. मी बेळगावच्या वडगावात राहतो. आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचे यंत्रमाग आहेत, सकाळी सुरू होतात ते रात्रीच्या जेवणापर्यंत. लहानपणापासून ऐकतोय, त्यामुळं तो आवाज मला ऐकू येत नाही अशीच माझी समजूत होती. साठवलेल्या पैशांतनं ओपन-बॅक घेतला, पहिल्या रात्री अकरा वाजता लावला आणि स्वर्ग दिसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला त्याच हेडफोनमधून मला सगळीकडनं माणसं धावत येताना ऐकू यायला लागली. खटक-खटक, खटक-खटक. धोटा इकडनं तिकडं जातोय आणि मी बंदूक घेऊन रिकाम्या दारावर नेम धरून बसलोय! जाळीतनं बाहेरचं सगळं आत येतं, ही गोष्ट मी वाचली होती. आमच्या गल्लीचा आवाज पावलांच्याच पट्टीत आणि पावलांच्याच लयीत आहे हे मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं. उपाय म्हणून मी आवाज वाढवत गेलो, तो आणखी मूर्खपणा. प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, यापुढं कानाला धोका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मागाच्या वर ऐकू यावं म्हणून आवाज वाढवत गेलेला माणूस ती रेघ कधी ओलांडतो हे त्यालाच कळत नाही. शिवाय जाळीतनं आतलंही बाहेर जातं. रात्री आईला तिच्या खोलीत माझ्या गोळ्या मोजता यायच्या.

तो हेडफोन आता टिळकवाडीत एका मित्राकडे आहे. त्याचा बंगला रस्त्यापासून आत, झाडांत, खोली वरच्या मजल्यावर. तिथं तो सोन्यासारखा चालतो. वस्तू तीच, फक्त भिंत बदलली.

दुसरा पर्याय, बंद कपांचा गेमिंग हेडसेट. याची सगळ्यात मोठी जमेची बाजू माईक आहे, आणि ती लहान नाही. आमच्या पाच जणांच्या संघात दोघं घरी कन्नड बोलणारे, त्यामुळं खेळताना एकाच वाक्यात "मागनं, मागनं" आणि "बलक्क, बलक्क" चालू असतं. उजवीकडं की मागं हे कळायला समोरच्याचा शब्द स्वच्छ यायला लागतो. तोंडासमोरचा दांडीचा माईक हे काम वायरीवर लोंबणाऱ्या माईकपेक्षा कितीतरी चांगलं करतो. हायपरएक्स क्लाउड २ सारखा हेडसेट घेतला की माईक, वायर, आवाजाचं बटण, सगळं एकाच डब्यात मिळतं, आणखी काही जोडावं लागत नाही. त्याच्या डब्यावर ५३ मिलिमीटरचे ड्रायव्हर असं लिहिलेलं असतं. ड्रायव्हरच्या मापाचा दिशेशी संबंध नाही, तो आकडा वाचून पुढं जा.

तोटे दोन. एक, या वर्गातले बरेचसे हेडसेट स्फोट दणदणीत वाजावेत म्हणून खालची पट्टी फुगवतात, आणि खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला गिळतो. हा कानाचाच स्वभाव आहे. गेमच्या किंवा हेडसेटच्या इक्वलायझरमध्ये बेस थोडा खाली ओढला की बरंच सुधारतं. काउंटर-स्ट्राइकच्या नव्या आवृत्तीत, सीएस२ मध्ये, तर आवाजाच्या सेटिंगात तयार तीन प्रकार दिलेत. त्यातला 'क्रिस्प' लावून बघा. दोन, आपला पाऊस. बंद कपांच्या गाद्या बहुतेक नकली चामड्याच्या असतात. एप्रिलचा घाम आणि जुलैची ओल यांत त्यांची साल निघते, कपाटात ठेवल्या तर बुरशी चढते. घेण्याआधी गाद्या सुट्या मिळतात का एवढं बघा. कापडी गादी मिळाली तर टिकते जास्त, पण बाहेरचा आवाज थोडा आत सोडते.

तिसरा, वायरचा आयईएम. दीड-दोन हजारांत मिळणारी ही चिमुकली वस्तू बघून मी आधी नाक मुरडलं होतं. कानाच्या पाळीला वळसा घालून आवाज थेट आत सोडणारी गोष्ट दिशा काय दाखवणार? पण तो रंग गेमनं आधीच भरलेला असतो, त्यामुळं स्वतःच्या पाळीची गरज उरत नाही. उलट रबर नीट बसलं की बाहेरचं जग दूर जातं, हळू आवाजातही पावलं उठून दिसतात. मोठ्या स्पर्धांत मंचावरचे खेळाडू कानात आयईएम घालून वरनं बंद हेडसेट चढवतात, ते प्रेक्षकांचा गोंगाट बाहेर ठेवण्यासाठी. आमच्याकडं प्रेक्षक नाहीत, माग आहेत. मी सध्या सेव्हनहर्ट्झ सॅलनोट्स झीरो वापरतो. मूनड्रॉप चू त्याच गल्लीतला.

मात्र सोबतच्या तीन-चार मापांच्या रबरांतलं आपलं माप शोधायला एक संध्याकाळ द्या. दोन्ही कानांची मापं वेगळी निघू शकतात. एका बाजूनं जरी फट राहिली तरी खालचा आवाज गळतो, चित्र एका कडेला सरकतं आणि दोष तुम्ही गेमला देता. वायर अंगावर घासली की खरखर येते, ती कानामागनं वळवून घ्यायची. माईक कामचलाऊ. तोंडाजवळ कॉलरला लावायचा वेगळा माईक घेतलात तर हिशोब अजूनही हेडसेटपेक्षा खालीच बसतो.

ब्लूटूथचं एका परिच्छेदात उरकतो. साध्या ब्लूटूथला आवाज पोचायला १५० ते २०० मिलिसेकंद सहज लागतात. व्हॅलोरंटमध्ये चाकू हातात घेऊन धावणारा सेकंदाला ६.७५ मीटर जातो, म्हणजे पाऊल ऐकू येईपर्यंत तो मीटरभर पुढं सरकलेला असतो. तुम्ही ऐकता तो त्याचा भूतकाळ. स्वतःचा यूएसबी डोंगल असलेला २.४ गिगाहर्ट्झचा वायरलेस हेडसेट चालतो, त्याची दिरंगाई जाणवत नाही. पण तेवढ्याच आवाजासाठी पैसे जास्त जातात, आणि चार्जिंग करायचं विसरतो ते नेमकं लाईट जाते त्याच दिवशी.

निपाणीतला एक मित्र मोबाइलवर बीजीएमआय हा बंदुकीचा गेम खेळतो, त्याचा प्रश्न वेगळा. फोनला गोल पिनची जागाच नाही. त्यानं टाईप-सीला लावायचं छोटं डॅक (फोनमधल्या आकड्यांचा आवाज करून देणारी डबी) घेतलं आणि त्याला आयईएम जोडला. एवढ्यानं भागतं. वाजायला जास्त जोर लागणारे, म्हणजे जास्त ओहमचे हेडफोन मात्र फोनवर लावू नका. डीटी ९९० प्रोची २५० ओहमची आवृत्ती फोनवर कुजबुजते. एचडी ५६०एस १२० ओहमचा असूनही लॅपटॉपवर पुरेसा वाजतो. वेगळ्या अॅम्प्लिफायरवर खर्च करायची वेळ बहुतेकांवर येत नाही. लॅपटॉपच्या पिनमधून सूं-सूं येत असेल तरच तेच छोटं डॅक घ्या.

आणखी एक, सगळ्यात स्वस्त सुधारणा. मधे मला सगळे शत्रू थोडे डावीकडंच ऐकू यायला लागले. वायर बदलली, सेटिंग पुसून पुन्हा केली, हेडफोनला शिव्या दिल्या. शेवटी डावी-उजवी बाजू उलटी घालून बघितली, तरी झुकाव डावीकडंच! म्हणजे दोष वस्तूत नव्हता. कानाच्या डॉक्टरांनी उजव्या कानातनं मळाचा एवढा खडा काढला. नवीन काही मागवण्याआधी ही उलट घालायची परीक्षा करा.

दुसरी परीक्षा मित्राला घेऊन. गेममध्ये खासगी लॉबी (फक्त आपल्याच माणसांचा सामना) उघडायची, तुम्ही मध्ये उभं राहून डोळे मिटायचे, त्यानं वीस वेळा वेगवेगळ्या बाजूनं चालत यायचं, तुम्ही बोट दाखवायचं. वर-खालीसाठी सीएस२ मधला न्यूक नकाशा घ्या, तिथं बॉम्बच्या दोन्ही जागा एकावर एक आहेत. ही परीक्षा घरातल्या रोजच्या गोंगाटात, रोजच्या वेळी करायची. रात्री अकराला सगळेच हेडफोन चांगले असतात. एक सांगून ठेवतो, नवीन एचआरटीएफला कान सरावायला आठ-पंधरा दिवस जातात, पहिल्या दिवशीच्या गुणांवर वस्तू परत पाठवू नका. पण परत पाठवायची मुदत किती, हे मागवतानाच वाचा. खडेबाजारातल्या दुकानात हातात घेऊन वजन आणि चापाचा अंदाज येतो, गेम लावून ऐकायला सहसा कुणी देत नाही.

तर माझा कौल असा. खोली खरंच शांत असेल, दार लावता येत असेल, आणि दहा हजारांच्या आसपास जायची तयारी असेल तर ओपन-बॅक आणि वेगळा माईक. पाच जणांचा नेहमीचा संघ असेल, बोलणं जास्त असेल आणि जोडाजोडीचा कंटाळा असेल तर बंद हेडसेट, ७.१ बंद करून. गल्लीत माग, घरात मिक्सर, हॉलमध्ये मालिका, वर पत्रा, यातलं काहीही असेल तर आयईएम. आणि कुठलंच ठरत नसेल तरीही आधी आयईएम, कारण चुकलात तर दीड-दोन हजारांतच चुकता.

मावसभावाच्या खोलीवर पत्राच निघाला. खानापूरच्या जुलैत त्या पत्र्याखाली समोरासमोर बसून बोलायचं तरी ओरडावं लागतं. त्यानं आयईएम आणि कॉलरचा माईक घेतला, उरलेल्या पैशांत खुर्ची दुरुस्त केली. मागनं येणारे आता त्याला सापडतात. आजी मात्र जेवायला हाक मारून थकली. आता ती दारात येऊन खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू करते.