शरणपूर रोडचा यिर्मया अभ्यासवर्ग: कसा आहे, कुणी जावं

नाशिकला शरणपूर रोडला एका मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकावर अभ्यासवर्ग घेतात, त्याची एक बॅच आत्ताच संपली, आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांनी कसा आहे कसा आहे म्हणून विचारलं म्हणून एकदाच नीट लिहिते. जा, नक्की जा. घरात, ऑफिसात किंवा खुद्द मंडळीतच ज्यांना विश्वासामुळे बोलणी खावी लागतायत त्यांनी तर जाच. फी नाही, नोट्सच्या झेरॉक्सचे पैसे तेवढे द्यायचे, मध्ये चहा असतो.

शिकवणाऱ्या ताई संदेष्ट्याला हिरो करून उभा करत नाहीत, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. पहिल्याच वर्गात त्यांनी विचारलं, याला विरोध केला कुणी? सगळे म्हणाले बाबेलवाल्यांनी, म्हणजे यरुशलेम जिंकणाऱ्या बाबिलोनच्या लोकांनी. मग त्यांनी एकेक अध्याय काढून वाचायला लावला. अनाथोथ हे त्याचं स्वतःचं गाव, तिथलेच लोक म्हणतायत की परमेश्वराच्या नावाने बोलशील तर जिवंत ठेवणार नाही. पशहूर हा मंदिरातला याजक, म्हणजे पुरोहित, त्याने मारून खोड्यात अडकवलं. हनन्या हाही संदेष्टाच म्हणवणारा, बाबेलपुढे मान तुकवा हे दाखवायला यिर्मयाने मानेवर जू घातलं होतं, ते हनन्याने मंदिरात सगळ्यांसमोर काढून मोडलं आणि दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगून टाकलं, लोकांना तेच ऐकायचं होतं. आणि यरुशलेम पडल्यावर, म्हणजे इ.स.पू. ५८६ च्या सुमाराला, बाबेलच्या सरदाराने मात्र त्याला बेड्या काढून शिधा आणि भेट देऊन सोडलं! विरोध म्हटलं की आपण लगेच बाहेरच्यांकडे बोट दाखवतो, पण इथे मारणारे सगळे उपासनेला येणारेच आहेत. ते ऐकून हॉलमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही.

गुंडाळी जाळल्याचा ३६ वा अध्याय तर त्यांनी पूर्ण वेळ देऊन घेतला. यिर्मयाचे संदेश गुंडाळीवर लिहिलेले, त्याला मंदिरात जायला बंदी होती म्हणून त्याचा लेखनिक बारूख जाऊन वाचतो, मग ती गुंडाळी राजवाड्यात जाते, यहूदाचा राजा यहोयाकीम शेगडीसमोर बसलाय, थंडीचे दिवस, आणि तीन-चार रकाने वाचून झाले की तो लेखकाच्या चाकूने तेवढं कापून आगीत टाकतो, असं करत करत सगळी गुंडाळी संपवतो. तिघं अधिकारी नको म्हणून विनवतात, तो ऐकत नाही. आणि इकडे यिर्मया काय करतो तर बारूखला दुसरी गुंडाळी घ्यायला लावतो आणि पुन्हा सगळं सांगतो, वर आणखी मजकूर घालून. राजाला उत्तर नाही, मोर्चा नाही, पुन्हा लिहायला बसले बस.

पण माझ्या डोक्यात राहिला तो एबद-मलेख. यिर्मयाला हौदात सोडलंय, पाणी नाही, नुसता चिखल, त्यात तो रुतलाय. राजाच्या घरचा हा कूशी माणूस, म्हणजे आफ्रिकेतला, सरळ राजाकडे जाऊन बोलतो, तीस माणसं घेऊन येतो आणि दोर टाकायच्या आधी जुनी फाटकी कापडं खाली सोडतो, काखेत धर म्हणतो. ताईंनी एका युवकाच्या काखेतून काथ्याचा दोर घालून दोघांना थोडंसं ओढायला सांगितलं, तो लगेच ओरडला, मग जुन्या सुती साडीची घडी घालून तेच केलं तर निभावलं. दोर तर कुणीही आणला असता हो, काखा सोलतील हे त्याला सुचलं. आपल्या मंडळीत कुणाला विरोध होत असेल तर आपण खंबीर राहा असं सांगून मोकळे होतो, कापडं घेऊन कोण जातं?

आणि हे शरणपूर रोडला शिकतोय याचंही मला फार वाटलं. १९ व्या शतकात इथल्या शरणपूरच्या मिशन शाळेत गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायची. त्यातलाच जेकब वेनराइट, १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा झाडावर लेख कोरला तो त्याने, आणि मृतदेह थेट लंडनला पोचेपर्यंत सोबत राहिला. वर्गात हा उल्लेख आला नाही, यायला हवा होता, कारण नाशिकच्या युवकांना हे माहीतच नाहीये.

आता खटकलं ते. यिर्मयाचं पुस्तक काळाच्या क्रमाने नाही, ३२ व्या अध्यायात नंतरचा राजा सिद्कीया याच्या काळातला यरुशलेमचा वेढा चालू आहे आणि ३६ मध्ये मागे जाऊन यहोयाकीम, नवीन माणूस पार गोंधळतो. पहिल्याच दिवशी राजांचा एक साधा तक्ता हातात द्यायला पाहिजे. दुसरं म्हणजे १८ व्या अध्यायात तो विरोधकांच्या मुलाबाळांवर दुष्काळ येऊ दे अशी प्रार्थना करतो, ते दोन वाक्यांत उरकलं. ते उरकू नका ना, रागाने जळत प्रार्थना करणारे आमच्यातही आहेत, त्यांना तिथेच उत्तर हवं असतं. एका भावाने नोकरीतला त्रास सांगितला त्यालाही फक्त प्रार्थना करा एवढंच मिळालं, तेव्हा २९ व्या अध्यायातलं, बाबेलला धरून नेलेल्यांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र, घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं भलं मागा, हे त्याच्याशी जोडता आलं असतं. आणि माईक मागच्या रांगेत ऐकूच येत नाही, पुढे बसा.

माझ्याकडून ५ पैकी ४. पुढची बॅच यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकावर आहे, नाव हॉलच्या दारातल्या रजिस्टरमध्ये लिहायचं. टू-व्हीलर आत लागते, चारचाकी आणू नका. पवित्र शास्त्र आणि वही आपापली न्या, तिथल्या प्रती पुरत नाहीत.