मानसशास्त्र की समाजशास्त्र? बीएला मेजर (मुख्य विषय) ठरवण्याआधी

परीक्षेतल्या कॉपीचंच घ्या. या मुलाने चिठ्ठी का नेली? नापास होण्याची धास्ती, शेजारच्याने काढली म्हणून आलेली हिंमत, की घरचा दबाव? हे प्रश्न मानसशास्त्राचे. आणि एखाद्या केंद्रावर चिठ्ठ्या पुरवायला खिडकीखाली गर्दी जमते, त्यात भाऊ-काकाही असतात, कोणालाच काही वावगं वाटत नाही, हे कसं? हा प्रश्न समाजशास्त्राचा. यातला कोणता प्रश्न डोक्यात जास्त घोळतो, त्यावरून निम्मा निर्णय होतो.

‘समोरच्याच्या मनातलं ओळखता येईल’ म्हणून मानसशास्त्र घेणाऱ्यांचा पहिल्या प्रॅक्टिकललाच हिरमोड होतो. एक जण प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. हातात स्टॉपवॉच, समोर निरर्थक अक्षरांची यादी. ती पाठ व्हायला किती फेऱ्या लागल्या, थोड्या वेळाने किती आठवलं, हे मोजायचं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमन एबिंगहाउसने स्वतःवर केलेल्या आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांची ही परंपरा. मग सरासरी, प्रमाण विचलन, आलेख, आणि जर्नलवर सही मिळेपर्यंत मॅडमच्या मागे फिरणं. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्यांनी इथे सावध राहावं; संख्याशास्त्र टळत नाही.

समाजशास्त्रात प्रयोगशाळा नाही, पण वाचन आणि लेखन भरपूर. जात, कुटुंब, स्थलांतर हे विषय आपल्या अवतीभवतीचेच, आणि इरावती कर्व्यांसारख्यांचं लेखन मराठीतच मिळतं. मराठी माध्यमातून आलेल्यांना हा फायदा लहान नाही, कारण मानसशास्त्रात एमएपर्यंत बहुतेक वाचन इंग्रजीच असतं. समाजशास्त्राला लोक उगाच ‘सोपा विषय’ म्हणून हिणवतात.

खरा फरक पुढच्या वाटेत आहे. नुसत्या मानसशास्त्रातल्या बीएवर समुपदेशक म्हणून पाटी लावू नये. एमए हवंच, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर त्यापुढे मान्यताप्राप्त क्लिनिकल प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद केले. नोकरी किंवा संसार सांभाळून शिकू पाहणाऱ्यांना हा मोठाच फटका. समाजशास्त्राला ती बंदी नाही. तिथून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), सामाजिक संस्थांमधलं काम अशा वाटा फुटतात. यूपीएससीला वैकल्पिक म्हणून दोन्ही चालतात.

मानसशास्त्राकडेच कल असेल तर कॉलेजात दोन गोष्टी विचारा: विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून मिळतो का, आणि प्रॅक्टिकलला खरंच लॅब आहे का.