सार्वजनिक जंगलात सापळे: बंदी की नियम?

अमेरिकेतल्या दोन राज्यांनी या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. मोंटानात 2016 मध्ये मतदारांनी बंदीचा प्रस्ताव फेटाळला. तिथे परवाना, हंगाम, पायवाटांपासून ठरावीक अंतर अशा नियमांवर भिस्त आहे. न्यू मेक्सिकोत 2018 मध्ये सांता क्रूझ तलावाजवळ मालकासोबत फिरायला आलेली रॉक्सी ही कुत्री फासात अडकून मेली. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा 1 एप्रिल 2022 पासून लागू झाला. सार्वजनिक जमिनीवर सापळे, फास आणि विष बंद. खाजगी जमिनीला मात्र तो लागू नाही.

मला न्यू मेक्सिकोचं पटतं. तारेचं वेटोळं गळ्यात पडलं की जनावर जितकं हिसके देईल तितकं ते आवळत जातं, मग तो कोल्हा असो की कुणाचा पाळलेला कुत्रा. लावणारा तेव्हा जागेवर नसतो, त्यामुळे नियम कितीही चोख असले तरी चूक सुधारायला कुणी नसतं. गुरं राखणाऱ्यांना कोयोटींचा (कोल्ह्यासारख्या जंगली प्राण्यांचा) त्रास होतो हे खरं, पण स्वतःच्या जमिनीवर त्यांना मुभा आहेच.

शिकारी कुत्र्यांचं प्रकरण वेगळं. जीपीएस पट्टे बांधलेले कुत्रे प्यूमाला (अमेरिकेतल्या मोठ्या रानमांजराला) झाडावर चढवतात, आणि नर की मादी हे शिकारी खालून निरखून ठरवू शकतो. फासाला ते जमत नाही. न्यू मेक्सिकोच्या कायद्याने या शिकारीला हात लावलेला नाही. ओरेगन राज्याने 1994 मध्येच मतदानाने अस्वल आणि प्यूमामागे कुत्रे सोडणं थांबवलं. पिल्लं असलेल्या मादीची फरफट गोळी न झाडताही होते, म्हणून ओरेगनचा निर्णय मला जास्त योग्य वाटतो.