सुरतचं रेशन दुकान, महाराष्ट्राचं कार्ड

लिंबायतला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी धान्याचं दुकान आहे. त्याला माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापलाय, पण त्यात दुकानदाराचा काही दोष नाही.

आमचं केशरी कार्ड धुळे जिल्ह्यातलं. कार्डावर माणसं पाच, म्हणजे महिन्याला २५ किलो. सासू-सासरे गावी १० किलो घेतात, उरलेलं १५ किलो आम्ही इथे उचलतो. दुकानदार भाई आधार नंबर टाकतात, "बेन, अंगूठो मूको" म्हणतात, आणि गावची उचल वजा होऊन राहिलेलं धान्य मशीनवर दिसतं. साड्यांना टिकल्या लावून माझ्या बोटांची कातडी गुळगुळीत झालीय, अंगठा लवकर उठत नाही. भाई ओलं फडकं पुढे करतात, नाहीच जमलं तर दुसरं बोट घेतात. मागे रांग असली तरी खेकसत नाहीत. काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला असतो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे, आणि भाई वरून एक रुपयाही मागत नाहीत.

परराज्यात रेशन मिळायची सोय ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोनच जोड्या होत्या, आंध्र-तेलंगणा आणि आपली महाराष्ट्र-गुजरात. लॉकडाऊनमध्ये मजुरांचे हाल झाले, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि सगळ्या राज्यांनी ३१ जुलै २०२१ पर्यंत ही सोय लागू करावी असा आदेश झाला.

आता कापलेला गुण. रांगेत माझ्यापुढची बाई गुजरातच्या कार्डावर तूरडाळ, चणा, मीठही घेऊन जाते. मला फक्त गहू-तांदूळ. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातलं धान्य केंद्राचं, ते देशभर माझ्यामागे येतं. डाळ-मीठ गुजरात सरकारचं, ते गुजरातच्या कार्डालाच. महाराष्ट्राचंही तेच. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, साखर, हरभराडाळ, तेल असा आनंदाचा शिधा निघाला, तो गावच्या दुकानातच. सासूबाई होत्या म्हणून आम्हाला मिळाला. ज्यांच्या गावच्या घराला कुलूप, त्यांचा बुडाला. इथे राबतो त्या राज्याची डाळ नाही आणि जिथलं कार्ड त्याचा शिधा पोचत नाही, हे मला पटत नाही.

धाकटीचं नाव तर अजून कार्डावरच नाही. गावाकडे चौकशी केली तर उत्तर मिळालं, इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं याचा ठरलेला आकडा, पूर्ण झालाय. यादीत कोणाला घ्यायचं हे राज्य ठरवतं, पण एकूण किती जणांना घ्यायचं हे केंद्राच्या हातात. महाराष्ट्राला मर्यादा सुमारे ७ कोटींची, तीही २०११ च्या जनगणनेवरून. त्यानंतर जन्मलेली पोरं जेवत नाहीत का?

म्हणून सगळं केंद्राने स्वतःकडे घ्यावं असं मी म्हणणार नाही. छत्तीसगडने दिल्लीची वाट न बघता २०१२ मध्येच स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला. तमिळनाडू आपल्या पैशाने कायद्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांना तांदूळ देतं. राज्यांना मोकळीक होती म्हणूनच हे झालं. माझं मागणं एवढंच, की माणूस ज्या राज्यात राहतो तिथे त्याला डाळही मिळावी आणि तिचा हिशोब दोन्ही राज्यांनी आपसात मिटवावा. मशीनवर गावची उचल क्षणात वजा होते, तर हा हिशोब का जमू नये? आणि इष्टांक केंद्राने आता वाढवावा.

खानदेशातून नवीन आलेल्यांसाठी: कार्ड गावी राहिलं असेल तरी आधार नंबरावर काम होतं. गावी कोण किती उचलणार हे आधी फोनवर ठरवून घ्या, कारण तिकडे पूर्ण उचल झाली तर त्या महिन्यात इथे काहीच निघत नाही. पिशव्या घरून न्या.